मशिनीवरच्या माणसाला हाक मारायची नाही

आबांचा आवाज जाऊन आता दीड वर्ष होईल. आबा म्हणजे माझे वडील. माणूस समोर खुर्चीवर बसलेला असतो, दोन वेळा नीट जेवतो, पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून काढतो. फक्त आवाज नाही. घशात कॅन्सर निघाला आणि डॉक्टरांनी स्वरयंत्र काढून टाकलं. जीव वाचला. भेटायला येणारी माणसं म्हणतात, जीव वाचला हे काय कमी आहे का, आणि मी मान हलवतो. त्यांचं बरोबरच आहे. पण सुट्टीवर घरी आलो की सकाळी अंथरुणात डोळे मिटून मी अजून त्यांच्या आरोळीची वाट बघतो. मग आठवतं आणि उठावंसं वाटत नाही.

ज्यांनी तो आवाज ऐकला नाही त्यांना तो कसा सांगू? पूर्वी आम्ही मंगळवार पेठेत दोन खोल्यांत राहायचो. आबा संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी आले की आई तव्यावर भाकरी टाकायची, कारण तिथूनच त्यांचं कुणाशी तरी बोलणं सुरू झालेलं असायचं आणि ते घरात पोचेपर्यंत भाकरी फुगलेली असायची. पुढे राजारामपुरीत फ्लॅट घेतला. खालच्या मजल्यावर शिकवणीचा क्लास आहे. तिथले सर एकदा वर आले आणि फार अदबीनं म्हणाले, "काका, जरा हळू बोलाल का? मुलांचा पेपर चालू आहे."

आबा गोंधळले. "मी हळूच बोलतुय की," म्हणाले. आणि त्यांच्या हिशोबानं ते खरंच हळू बोलत होते.

हा आवाज कारखान्यानं दिलेला होता. उद्यमनगरातल्या एका शेडमध्ये आबांनी तीस वर्षं पॉवर प्रेसवर काढली. पत्रा सरकवायचा, पायानं पेडल दाबायचं, वरून साचा आदळतो, पत्र्याचा तुकडा पडतो, की परत पत्रा सरकवायचा. दिवसभर हेच. आजूबाजूला तसेच आणखी सहा प्रेस. तिथं माणसाला माणसाशी बोलायचं तर ओरडूनच बोलावं लागे, आणि ती सवय घरी येताना दारात काढून ठेवता येत नाही.

त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं नव्हती. ती गेली त्या दिवशी मी जन्मलो. म्हणजे मी जन्मलो म्हणूनच ती गेली. गल्लीतला एक जण दवाखान्यातून सायकल हाणत थेट कारखान्यात आला आणि दारातूनच ओरडला, "मुलगा झाला!" आबांनी मान वळवली. पाय मात्र आपलं काम करून मोकळा झाला. पुढची सगळी वर्षं आबा मला चिडवायचे, "तू एकटा आलास आणि माझी दोन नेलीस. तोट्यातलाच येव्हार झाला मर्दा." सांगताना स्वतःच एवढ्यांदा हसायचे की ऐकणाऱ्याला हसावंच लागायचं.

पण त्या दिवसापासून आमच्या घरात एक नियम झाला. मशिनीवरच्या माणसाला हाक मारायची नाही. बातमी चांगली असो, वाईट असो. त्याचं मशीन बंद होऊ दे, त्याला हात पुसू दे, मग बोला. आई पिठाच्या गिरणीत गेली तरी पट्टा थांबेपर्यंत गिरणीवाल्याशी अवाक्षर बोलायची नाही. आईचा मिक्सर चालू असेल तर आम्ही स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर मुकाट उभे. लहानपणी मला वाटायचं सगळ्यांच्या घरी असंच असतं. एकदा मित्राच्या घरी शिलाई मशिनीवर बसलेल्या त्याच्या आईनं विचारलं, "काय रे, असा खांबासारखा का उभा आहेस?" तेव्हा कळलं की हे आमच्याच घरचं खूळ आहे.

मी मेकॅनिकलचा डिप्लोमा केला आणि फिरत फिरत आखातातल्या एका तेलाच्या रिगवर लागलो. छप्पन दिवस वाळवंटात, अठ्ठावीस दिवस कोल्हापुरात. रिग म्हणजे वाळूत उभा केलेला उंच लोखंडी मनोरा. त्याच्या पोटात, जमिनीपासून दोन मजले वर, एक लोखंडी फलाट असतो. त्याला आम्ही फ्लोअर म्हणतो. जमिनीत सोडायचे नळ तिथं एकाला एक जोडतात. नळ फिरत असतो, वरून टनावारी वजन लोंबकळत असतं आणि नळ आवळायला साखळीवर टांगलेले माणसाएवढे पाने असतात. त्या पान्याला कुठं धरायचं आणि कुठं धरायचं नाही हे रंगानं दाखवलेलं असतं. हिरव्या मुठीला हात लाव, लाल रंगाजवळ बोट नेऊ नकोस. एवढं साधं. आणि एवढं साधं असूनही बोटं जातात, कारण हात तिथं असतो आणि मन भलतीकडे.

म्हणून रोज सकाळी काम सुरू होण्याआधी आम्हाला गोल उभं करायचे. आमचा सुरक्षा अधिकारी मल्याळी होता. पन्नाशी उलटलेला, बारीक अंगाचा, मोडक्यातोडक्या हिंदीत बोलणारा. आज काय काम, धोका कुठं, कोण कुठं उभा राहणार, हे सगळं झालं की तो एकेकाच्या समोर जाऊन विचारायचा, "घर में सब ठीक?" आणि उत्तर येईपर्यंत डोळ्यांत बघत राहायचा. नव्या माणसाला वाटायचं, चांगला माणूस आहे, विचारपूस करतो. चांगला तर तो होताच, पण हा प्रश्न कामाचा होता. एका राजस्थानी गड्यानं एकदा सांगितलं, मुलगी तापानं फणफणलीय. त्याला त्या दिवशी फ्लोअरवर चढूच दिलं नाही. स्टोअरमध्ये बोल्ट मोजायला बसवलं, आणि चौथ्या दिवशी विमानात. त्याचा पगार कापला नाही की कुणी त्याला नावं ठेवली नाहीत.

मी हे आबांना मोठ्या कौतुकानं सांगितलं होतं. ते म्हणाले, "आमच्याकडं असं इचारलं असतं तर निम्मा कारखाना रोज घरी गेला असता की." त्यांना ते पटलं नव्हतं. मशिनीवरच्या माणसाला मशिनीवरून उठवणारं कुणी असतं, हे त्यांनी जन्मात बघितलं नव्हतं. त्यांच्या जगात बातमी कळली तरी पेडल दाबतच राहावं लागायचं. म्हणून बातमीच कळू द्यायची नाही, हा त्यांचा साधा सरळ उपाय होता.

मला आता राग येतो तो याचा. माझा मलाच. ऑपरेशनच्या आदल्या सुट्टीत मी घरी होतो तेव्हा आबांचा घसा बसलेला होता. घरी आलो की मी सुरक्षा अधिकारी होतो, बायको यावरून माझी भरपूर थट्टा करते. गॅसची नळी बदल, माळ्यावर चढायच्या स्टुलाला रबर लाव, बाथरूमच्या दारात पायपुसणं नको, पाय अडकतो. अठ्ठावीस दिवसांत मी घरातला एकूण एक धोका हुडकून काढला. समोर बसलेल्या माणसाचा आवाज तीन महिने घासल्यासारखा येतोय, याकडे मात्र माझं लक्ष गेलं ते एवढंच म्हणण्यापुरतं, की आबा, एकदा डॉक्टरला दाखवून या. "वरडून बसलाय," ते म्हणाले. "गप बसलो की सुटंल." आणि खिशातली बिडी काढली. मीही हसलो आणि बॅग भरली.

मी परत रिगवर गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात माझा हात सापडला. चूक शंभर टक्के माझी. पाना फिरवताना मी लाल रंगाजवळ धरलं. अकरा वर्षं दुसऱ्यांना सांगत आलो आणि अकराव्या वर्षी स्वतः धरलं. उजव्या हाताचं मधलं बोट पाना आणि नळ यांच्यात चेपलं. हातमोजा होता म्हणून बोट राहिलं. हाड मोडलं, सात टाके पडले, आणि पुढचे सगळे दिवस मला फ्लोअरवर बंदी झाली. सुरक्षा अधिकाऱ्याच्या केबिनमध्ये एसीखाली बसायचं आणि डाव्या हातानं सुरक्षेच्या नोंदींची कार्डं लावायची, हे काम.

तो मला म्हणाला होता, "घर जाओगे? मैं भेज देता हूँ."

मी नाही म्हणालो. लवकर घरी गेलो असतो तर आबांना कळलं असतं. बोटांच्या बाबतीत त्या माणसाचं काळीज किती हळवं होतं हे मला ठाऊक होतं. मी रिगवर लागलो तेव्हा बसस्टँडवर त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेऊन, सगळ्या लोकांदेखत, दहाच्या दहा बोटं चाचपली होती. वाटलं, पट्टी सुटू दे, जखम भरू दे, मग जाऊ. तेव्हापासून मी घरच्यांना व्हिडिओ कॉल करायचा बंद केला. रेंज नाही म्हणून सांगितलं आणि संध्याकाळी नुसता आवाजावर फोन करू लागलो. फोनवर आबा हळूहळू कमीच येऊ लागले. "झोपलेत", "फिरायला गेलेत", "हुपरीला आत्याकडे गेलेत", असं बायको सांगायची. मला ते बरंच वाटायचं. माझंही लपवायचं होतंच ना.

एका सकाळी, रिगवर साडेनऊ आणि कोल्हापुरात अकरा वाजले असताना, बायकोचा मेसेज आला. "हातात मशीन नाही ना? मामा विचारतायत." ती आबांना मामा म्हणते. मी लिहिलं, नाही. लगेच फोन वाजला.

आबा कामाच्या वेळेला मला कधीच फोन करत नसत. अकरा वर्षांत एकदाही नाही. तेवढ्यावरून मला कळायला हवं होतं.

"काय करायलायस?" त्यांचा आवाज पार फाटला होता, एखादं लाकूड करवतीखाली जावं तसा. मी म्हटलं, घसा अजून बसलेलाच काय? "व्हय, हाय थोडासा," म्हणाले. "जेवलास?"

"एवढ्या सकाळी?"

"न्हवं, न्ह्यारी." आणि एकदम म्हणाले, "मशीन ऐकू येत न्हाय रं."

केबिनमध्ये एसीची घरघर सोडली तर काहीच आवाज नव्हता. ज्या माणसानं तीस वर्षं मशीन कानात भरून घेतलं, त्याला शांतता बरोबर ऐकू आली. मी म्हणालो, जरा बाजूला आलोय. "कशापाय?" त्यांनी विचारलं. आता हे खोदत बसणार आणि मी सापडणार, असं वाटलं. मी म्हणालो, "आबा, बोलवाय लागलेत मला. ठेवतो. संध्याकाळी करतो."

"बरं," ते म्हणाले. "हात संबाळ."

फोनमध्ये अजून नोंद आहे. अठ्ठेचाळीस सेकंद. माझ्यासमोर टेबलावर चहाचा कप होता, कार्डांचा गठ्ठा होता, आणि जेवणापर्यंत दोन तास मोकळे होते. मला कुणीही बोलावलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचं ऑपरेशन झालं.

संध्याकाळच्या फोनवर मी रोज "हुपरीला गेलेत" एवढंच ऐकत होतो. मला कळलं ते अठरा दिवसांनी, कोल्हापूरच्या बसस्टँडवर. बायको न्यायला आली होती. रिक्षात बसायच्या आधी तिनं माझी बॅग धरून ठेवली आणि म्हणाली, "अहो, घरी जायच्या आधी एक सांगायचंय." तिनं सगळं सांगितलं. डॉक्टरांनी वेळ दिला नव्हता, आठवड्यात करा म्हणाले होते. तिनं आबांना हरप्रकारे विनवलं, निदान त्यांना कळवू तरी द्या. आबांचं एकच, "त्यो मशिनीवर हाय. न्हाय सांगायचं. सांगितलंस तर मी ऑपरेशनला जायचा न्हाय." ती काय करणार? मी खिशातून हात काढला आणि तिला बोट दाखवलं. कधी लागलं तेही सांगितलं. ती कितीतरी वेळ बोटाकडे बघत राहिली. रिक्षावाला म्हणाला, "पावणं, येणार हाय का न्हाय?" मग आम्ही बसलो.

रिक्षात तिनं मला तो आदला दिवस सांगितला. उद्यापासून आवाज नाही म्हटल्यावर आबांनी त्या दिवशी भरपूर बोलून घेतलं. त्या फाटक्या आवाजात सकाळी दूधवाल्याशी दुधात पाणी आहे म्हणून भांडले. हुपरीच्या आत्याला फोन करून तासभर जुन्या गोष्टी काढल्या. खालच्या क्लासच्या सरांना दारात गाठून सांगून आले, "उद्यापासनं तुमचा तरास संपला." सर रडायला लागले म्हणे. नातीकडून, माझ्या लेकीकडून, पाढे म्हणून घेतले आणि तिच्याबरोबर स्वतःही म्हटले. आणि या सगळ्याच्या मध्ये, अकरा वाजता, मला फोन.

घरी गेलो. आबा खुर्चीवर बसले होते, गळ्यावर पांढरी जाळीची पट्टी. मी पाया पडलो तेव्हा त्यांनी माझा हात धरला आणि बोट बघितलं. मग ते मला बोलू लागले. बोलू लागले म्हणजे तोंड हलायला लागलं. चेहरा लाल झाला, कपाळावरची शीर टरारली, तीन बोटांचा हात हवेत नाचायला लागला. पूर्ण दोन मिनिटं त्यांनी मला शिव्या घातल्या आणि त्यातली एकही मला ऐकू आली नाही. गळ्यात श्वासासाठी पाडलेल्या भोकातून नुसती हवा जात होती. मी लहानपणापासून त्या शिव्यांना कंटाळलेला माणूस. त्या घटकेला वाटलं, यातली एक, फक्त एक, पुरी ऐकू येऊ दे. बदल्यात हे वाकडं बोट घेऊन टाक.

कधी लागलं, असं त्यांनी हातानं विचारलं. मी म्हणालो, "गेल्या आठवड्यात." बायको आत निघून गेली.

गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र मिळतं. मी ते आणलं. आबांनी एकदाच लावलं. त्यातून सपाट, घरघरता, कुणाचाही असू शकेल असा आवाज आला. त्यांनी ते डब्यात घालून कपाटात ठेवून दिलं आणि पुन्हा काढलं नाही. आता नातीची लिहायची इलेक्ट्रॉनिक पाटी त्यांच्या मांडीवर असते. तिच्यावर लिहायचं आणि बटण दाबलं की सगळं पुसतं. ते बोलायचे तसंच लिहितात, मोठ्ठ्या अक्षरांत, एका वेळी चार शब्द. मोबाइलमध्ये त्यांच्या आवाजाची एकच चित्रफीत सापडली. कुणाच्या तरी लग्नातली, बँड वाजतोय आणि मागून ते ओरडतात, "अरं, म्हाताऱ्या माणसांना आधी बसू द्या की!" सहा सेकंद. वाळवंटात मी ते रोज एकदा ऐकतो. ऐकून बरं वाटतं असं नाही. तरी ऐकतो.

त्या फोनबद्दल मी त्यांना जवळजवळ दीड वर्ष विचारलं नाही. धीरच झाला नाही. आवाजाच्या शेवटच्या दिवशी बापाला मुलाला काहीतरी सांगायचं असणार, काहीतरी मोठं, आणि ते मी ऐकून घेतलं नाही, हे डोक्यात घर करून बसलं होतं. रिगवर सकाळी गोलात उभा असताना "घर में सब ठीक?" आलं की हेच आठवायचं. एकदा मी खरं उत्तर दिलं आणि तो दिवस स्टोअरमध्ये काढला.

या सुट्टीत, परवा दुपारी, आम्ही दोघंच घरी होतो. आबा पाटावर बसून लसूण सोलत होते. मी विचारलं, "आबा, ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तुमी फोन केलतासा. काय सांगायचं हुतं?"

त्यांनी हात धोतराला पुसले. पाटी घेतली. नेहमीपेक्षा जास्त वेळ लिहीत होते, म्हणून मी खिडकीकडे बघत राहिलो. मग त्यांनी पाटी माझ्यापुढं धरली.

"सांगायचं कायबी न्हवतं. आवाज हाय तवर तुझ्यासंगट जरा बोलत बसू म्हटलं."

मी वाचलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, त्यांना बहुतेक माझी कीव आली असावी, कारण त्यांनी बटण दाबून ते पुसलं आणि पुन्हा लिहिलं.

"राहू दे. तू कामात हुतास."

"व्हय आबा," मी म्हणालो. "लई काम हुतं त्या दिवशी."